दर्यावरचं मत

त्या रविवारी केतकी भाटकर आईबरोबर मागच्या पडवीत रातांबे फोडत बसली होती. वैशाखाचं ऊन दहालाच तापलं होतं आणि दोघींचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. साली एका परातीत, बिया दुसऱ्या परातीत. आई मधूनच बाजारातल्या आमसुलांना नावं ठेवत होती, केतकी हुंकार भरत होती. शनिवारी रत्नागिरीहून यायचं, रविवारी आईच्या हाताखाली काम करायचं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं कॉलेजात परत. शेवरे बंदरातले तिचे मे महिन्यातले रविवार असेच जायचे, आणि हा वेगळा असेल असं वाटण्याजोगं सकाळपासून काहीही घडलं नव्हतं.

फोन सुपाला टेकवून ठेवला होता. सव्वादहाला त्यावर पप्पांचा चेहरा आला, मागे पांढरं आकाश आणि क्रेनचा एक पिवळा हात.

विश्राम भाटकर समुद्राखालच्या केबली जोडायचे. जगातलं निम्मं बोलणं, बँकांचे व्यवहार, इस्पितळांचे अहवाल, सगळं समुद्राच्या तळाशी पडलेल्या मनगटाएवढ्या केबलींमधून जातं. कधी नांगर अडकून, कधी भूकंपानं, तर कधी कुणी मुद्दाम तोडल्यामुळे केबल तुटते. मग एक जहाज जाऊन तळातून तिची दोन्ही टोकं वर उचलतं आणि एक माणूस सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या काचतंतूंची टोकं वितळवून एकेक करून जोडतो. सव्वीस वर्षं विश्राम तो माणूस होते. गावात कुणी विचारलं तर सांगायचे, मी दर्यात शिवणकाम करतो.

त्यांनी आधी आईच्या साखरेची चौकशी केली, मग आंब्यांची, मग गेल्या वर्षीच्या आमसुलांत मीठ कमी होतं ही त्यांची जुनी तक्रार पुन्हा मांडली. आईनं ठसक्यात सांगितलं की दर्यात खारं पाणी पिऊन ज्याची जीभ मेली त्यानं मिठाबद्दल बोलू नये, आणि ती परात उचलून उन्हात गेली. ती गेल्याचं बघून विश्राम फोनजवळ सरकले.

दुरुस्तीच्या जहाजांना हात न लावण्याच्या केबल कराराला सरकारनं स्थगिती देऊन आठ दिवस झाले होते. पुरवठ्याची बोट जहाजाला लागली होती आणि ज्याला उतरायचं असेल त्यानं दोन वाजेपर्यंत उतरावं, असं कॅप्टननं सगळ्यांना सांगितलं होतं. दोन वाजल्यानंतर सांधा घालायला घेणार. एकदा केबलचं टोक डेकवर बांधलं की चोवीस तास जहाज जागचं हलू शकत नाही, खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखं. हमीद उतरू या म्हणत होता. हमीद सोलकर म्हणजे खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला त्यांचा जोडीदार, जहाजावरचा दुसरा सांधेकरी.

"बाय, तू आकड्यांतली माणूस," विश्राम म्हणाले. "ते कौलयंत्र म्हणतंय, आपल्या किनाऱ्याला करार नकोय. दर्यावर माणसं असलेल्या गावांना करार नको? माझा विश्वास बसत नाही. शेवऱ्यात खरंच काय झालं?"

केतकी लाल झालेल्या हातांकडे बघत राहिली.

"यंत्राचा अंदाज चुकलाय, पप्पा," ती म्हणाली. "मत देताना लोकांच्या मनात करार नव्हताच."

यातला शब्द न् शब्द खरा होता. विश्राम मोकळं हसले.

"मला वाटलंच. निवडणुकीत नोटाची मतं पडली असतील ती वरच्या गावांत. निदान एका मताचं तर मला पक्कं ठाऊक आहे." मग ते म्हणाले की चूक आहे तर ती आज ना उद्या सरकारच्याही ध्यानात येईल, आणि एवढ्यासाठी केबल अर्धी टाकून उतरणं बरं दिसत नाही. उद्या संध्याकाळी सांधा झाला की फोन करतो.

आई परत आली तेव्हा फोन बंद झाला होता. दोघींनी जेवून घेतलं, दुपारी पंख्याखाली पडल्या, चारला परातींवर फडकी टाकली. केतकीनं दोनदा फोन हातात घेतला. दोन वाजायला दहा कमी असतानाही तो तिच्या हातात होता.

कौलयंत्र हे गावानं दिलेलं नाव. कागदोपत्री नाव लांबलचक होतं. कल्पना साधी होती. दोन देश समोरासमोर उभे ठाकले की एकानं दिलेल्या वचनाची किंवा धमकीची किंमत किती, हे त्याची माणसं त्यामागे किती उभी आहेत यावर ठरतं. माघार घेतली तर घरी मतं जातील अशी ज्या सरकारची अवस्था, त्याची धमकी खरी. ज्याच्या लोकांनाच करार नकोसा, त्याचं वचन तकलादू. पूर्वी हे ताडण्यासाठी वकिलातीतली माणसं वर्तमानपत्रं चाळायची, चार ठिकाणी चहा प्यायची आणि अंदाज बांधायची. यंत्र तेच काम मोजून करू लागलं. मतदान केंद्रागणिक निकाल जाहीर होतातच. त्या केंद्राच्या परिसरात आधीचे सहा महिने लोक फोनवर काय बोलत होते, काय शोधत होते, कशानं चिडत होते याचा गोषवारा यंत्र निकालाशेजारी मांडायचं आणि कुठलं मत कुठल्या कारणानं पडलं हे सांगायचं. लागोपाठ चार निवडणुकांत ते बरोबर आलं, तेव्हा सगळ्याच देशांनी आपापली यंत्रं बांधली. शेवटी शंभरातला एक आकडा बाहेर पडायचा. साठाच्या वर असला तर धोरण टिकाऊ, चाळिसाच्या खाली असला तर मोडायला आलेलं.

केतकी संख्याशास्त्र शिकवायची. हे सगळं तिला वर्गात समजावून सांगता यायचं, आणि ती सांगायचीही.

केबल करार त्या वेळच्या सरकारनं सहा वर्षांपूर्वी केला होता. समुद्रापलीकडच्या देशाशी कितीही ताणलं तरी दुरुस्तीच्या जहाजांना दोन्ही बाजूंनी हात लावायचा नाही, एवढाच त्याचा मजकूर. विरोधक त्याला नाक घासणं म्हणायचे. दर्यावरची माणसं त्याला देवाची कृपा म्हणायची.

पण त्याच सरकारी पक्षाच्या शेवऱ्याच्या खासदारानं खाडीच्या मुखातला गाळ काही उपसला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या गाळावर शालनकाकींच्या दिराची होडी उलटली आणि चार माणसं गेली. खासदार आला, काठावर उभा राहून फोटो काढून घेतला, गाळ काढायचं यंत्र पाठवतो म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणाला. बायकांनी एकदा फोनवरच्या ग्रुपवर बहिष्काराची भाषा केली तर आठ दिवसांत त्याची माणसं घरोघर फिरली. कुणाला पेन्शनची आठवण दिली, कुणाला पोराच्या शिष्यवृत्तीची. बहिष्कार विरून गेला.

म्हणून रथसप्तमीला शालनकाकींकडच्या हळदीकुंकवात केतकीनं युक्ती सुचवली. या खेपेला फोनवर एक अक्षर लिहायचं नाही, बोलायचंही नाही. जे सांगायचं ते तोंडानं, आणि तेही बाईनं बाईला. सगळ्यांनी नोटा दाबायचं. निकाल लागला की मगच त्याला कळू दे. बायकांना हे फार आवडलं. कुणी म्हणालं, मास्तरीणबाई, तुम्ही संख्या शिकवता की चोरी? वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांबरोबर निरोप माहेरी गेला, माहेराहून जावांच्या माहेरी गेला, आणि महिन्याभरात किनाऱ्यावरच्या चाळीसेक गावांत पोचला. प्रत्येक गावाचं दुखणं वेगळं होतं. कुठे गाळ, कुठे पाणी, कुठे डॉक्टरविना उभं असलेलं इस्पितळ. बटण एकच.

त्याच बैठकीत शालनकाकींनी विचारलं, "आणि घरोघरच्या दर्यावरच्या मतांचं काय?"

नव्या कायद्यानं जहाजावरच्या माणसाला आपलं मत घरच्या एकाच्या हवाली करता येत होतं. शेवऱ्यात अशी एकतीस मतं होती. विश्रामनी आपलं मत केतकीच्या नावे केलं होतं. केतकीच्या आईनं, रोहिणीनं, तेव्हा गाल फुगवले होते, तर ते म्हणाले होते, तुझं मत मला फुकट मिळतंच. सगळ्या बायका केतकीकडे बघत होत्या. युक्ती तिची होती. ती म्हणाली, "तीही नोटालाच."

मतदानाच्या आदल्या दिवशी विश्रामनी फोन केला. खासदार नालायक आहे हे त्यांना मान्य होतं. होडीत गेलेल्या चौघांपैकी दोघं त्यांच्या शाळेतले होते. तरीही करार या लोकांनी केला होता आणि दुसरे आले तर तो मोडतील अशी त्यांना भीती होती. "त्याला शिव्या दे, दारात उभा करू नको," ते म्हणाले. "पण मत एकच असतं, बाय. अर्धं गाळाला आणि अर्धं कराराला देता येत नाही. माझं त्यांनाच दे." केतकी हो म्हणाली.

केंद्रावर तिच्या तर्जनीला तिच्या मताची शाई लागली आणि मधल्या बोटाला पप्पांच्या मताची. दुसऱ्यांदा आडोशामागे गेल्यावर ती थोडा वेळ थांबली. एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता किती असते याचं गणित तिनं मागच्याच आठवड्यात फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. उत्तरात दशांशचिन्हानंतर सहा शून्यं आली होती. बाहेर शालनकाकी रांगेत उभ्या होत्या. केतकीनं नोटाचं बटण दाबलं.

संध्याकाळी विश्राम म्हणाले, दाखव बघू बोट. तिनं दोन्ही बोटं फोनसमोर धरली. त्यांनी शेजारी कुणाला तरी हाक मारून ती दाखवली.

खासदार पडला. ज्या फरकानं पडला त्याच्या पाचपट मतं नोटाला होती. किनाऱ्यावरच्या आणखी चार जागा तशाच गेल्या आणि काठावरचं सरकार कोसळलं. शेवऱ्यात बायकांनी साखर वाटली.

यंत्राचा अहवाल महिन्याभरानं आला. केतकीनं तो कॉलेजात बसून वाचला. परिशिष्टात नमुन्यादाखल काही मतदान केंद्रं दिली होती, त्यात शेवऱ्याचं होतं. करारामागचं पाठबळ आधी चौसष्ट, आता एकोणतीस. विरोधी मतांचं कारण: केबल करार. खात्री: एक्याऐंशी टक्के.

काय झालं असणार हे तिला पाच मिनिटांत कळलं. गाळाबद्दल यंत्राच्या कानावर एक शब्द गेला नव्हता, कारण तो जाऊ नये अशी तजवीज तिनंच केली होती. त्या सहा महिन्यांत किनाऱ्यावरच्या फोनांवर एकच विषय पुन्हा पुन्हा येत होता. करार टिकेल ना, नवे आले तर काय करतील, तुम्ही कुठल्या समुद्रात आहात? बायका नवऱ्यांना विचारत होत्या, आया मुलांना. यंत्रानं त्या काळजीला राग समजून कारणाच्या रिकाम्या जागी भरलं.

शेवऱ्याच्या देवळात अजून कौल लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न मोठ्यानं विचारतो, आणि मग उजवी कळी पडते की डावी ते बघायचं. प्रश्न न विचारता कळी पडली तर तो कौल नव्हे, तो वारा. हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. केतकीनं यंत्राच्या संस्थेला लिहायला घेतलं आणि आठ पानं लिहिली. उलट विचारणा झाली तर पुरावा काय द्यायचा, इथे ती अडली. हळदीकुंकवाचा कागद नसतो. पुरावा म्हणजे ती स्वतः, आणि बोलायचं तर दोन्ही मतांबद्दल बोलावं लागणार. ते छापून येणार, पप्पा वाचणार. तिनं पानं ठेवून दिली. पप्पा गणपतीला घरी आले की आधी त्यांना समोर बसवून सांगायचं, मग पाठवायचं, असं तिनं ठरवलं.

नव्या सरकारनं अहवालाचा हवाला देऊन कराराला स्थगिती दिली. पलीकडच्या देशाचं यंत्र वेगळं होतं, पण मतदानाचे आकडे तेच, म्हणून उत्तरही जवळपास तेच आलं. ज्या कराराला त्यांच्याच किनाऱ्यानं टाकलं तो आपण एकट्यानं कशासाठी पाळायचा, असं तिथल्या लोकांनी ठरवलं. कुणीही कुणाशी खोटं बोललं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता, सांधा पूर्ण व्हायला थोडे तास उरले असताना, पाण्याखालून आलेल्या एका मानवरहित यानानं जहाजाचा तळ फोडला. केबल डेकला बांधलेली होती. एकेचाळीस जणांपैकी सहा वाचले. केतकी वर्गात होती. उपप्राचार्य दाराशी आले आणि फळ्याकडे बघत उभे राहिले, तिच्याकडे नाही. तेवढ्यावरून तिला समजलं.

त्यानंतर लढाई तेवीस दिवस चालली. दोन्हीकडची माणसं मेली, किनाऱ्यावर काळोख पाळला गेला, आणि मग दोन्ही सरकारांनी ती थांबवली. केबल करार पुन्हा झाला. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला नाही.

विश्रामचं काहीच हाती आलं नाही. दर्भाचा पुतळा करून विधी उरकले. रोहिणी फारशी रडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची: मी नोटा दाबलं, त्याचं पाप माझं मी फेडीन, पण ह्यांचं मत तरी जिथल्या तिथे पडलं. ज्यासाठी गेले त्यालाच मत देऊन गेले. केतकी तेव्हा बहुधा स्वयंपाकघरात असायची. एकदा ती भांडं हातात घेऊन दारापर्यंत आली आणि शालनकाकींशी नजरानजर झाली. शालनकाकींनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

श्रावणात एका दुपारी हमीद सोलकर आला. खाडी ओलांडून यायला त्याला अडीच महिने लागले होते. तो ओटीच्या कडेला बसला, पाणी घेतलं, चहाला नको म्हणाला. रोहिणी दाराला टेकून उभी होती. तो पहिल्यांदाच या घरात गप्प बसला होता. एरवी तो आला की विश्रामची आणि त्याची कोण जास्त चांगला सांधा घालतो यावरून जुंपायची, आणि रोहिणी दोघांनाही गोधडी शिवायला बसवेन म्हणायची.

"वहिनी, मी उतरलो," तो म्हणाला.

"दिसतंय."

"त्याला ओढून न्यायला हवं होतं मी."

"सांधे घालणारे तुम्ही दोघं," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एक उतरला म्हटल्यावर दुसऱ्याला उतरता येतं का? तुला पोरंबाळं, आणि त्यांना काय नव्हती?"

हमीदनं मान हलवली. हे तो स्वतःशी रोज बोलत असणार, असं केतकीला त्याच्याकडे बघून वाटलं. मग त्यानं त्या दिवसाचं सांगितलं. उतरायचं दोघांचं ठरलं होतं. केबल तात्पुरती बंद करून तरंगत्या पिंपाला बांधून ठेवता आली असती. कॅप्टनचीही ना नव्हती. दोघांच्या बॅगा बोटीत जाऊन पडल्या होत्या. विश्राम म्हणाला, घरी एक फोन करून येतो. आला तो हसतच आला आणि आपली बॅग परत वर घेतली.

"मी म्हटलं, अरे डोकं फिरलं काय तुझं? तर म्हणाला, पोरीशी बोललो. ती सांगते, यंत्र चुकलंय, आपल्या लोकांनी करार टाकलेला नाही. आपल्या गावाचं मत आहे त्याला, माझं स्वतःचं आहे. मग मीच अर्धं टाकून पळालो तर काय म्हणतील?" हमीदनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मला वाटलं, आता हा ऐकायचा नाही. मी उतरलो. पण जरा आणखी बोलायला हवं होतं, वहिनी. तीन तास होते हातात. मी बोललो नाही. त्याचं जे झालं ते माझ्या माथी आहे."

रोहिणीनं तोंड फिरवलं. ती नाही म्हणाली नाही. ती पाठमोरीच बोलली, "ते त्यांच्या मताला जागले. तू मैत्रीला जागला नाहीस."

हमीद उठला. आता तो पायऱ्या उतरणार, तरीच्या होडीत बसणार, आणि हे वाक्य खाडीपलीकडच्या घरी नेऊन मरेपर्यंत जपून ठेवणार. त्याला ते आपलंच वाटणार होतं. केतकी दारात आली.

"चाचा, बसा," ती म्हणाली. तो बसला नाही, पण थांबला.

"आई, यांना काही बोलू नकोस. पप्पांचं मत मी त्यांनी सांगितलं तिथे दिलं नाही. नोटाला दिलं. माझंही दिलं आणि त्यांचंही. फोनवर लिहू नका असं गावाला सांगितलं तेही मीच. त्या रविवारी तू उन्हात परात ठेवायला गेलीस तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं होतं, शेवऱ्यात खरंच काय झालं म्हणून. बोट दोन वाजेपर्यंत थांबणार होती. मी त्यांना सांगितलं नाही."